चिंधीमावशीचं पिकलेलं लुगडं

चिंधीमावशी समोर आली की रामराम नंतर. आधी ती तुमच्या अंगावरच्या कपड्याचं टोक दोन बोटांत धरून चुरगाळून पाही. एका लग्नात तिनं नवरदेवाच्या धोतरालाही हात घातलेला मी पाहिलाय. "कच्चं हाय अजून," म्हणाली आणि पंगतीला जाऊन बसली. आंबा दाबून पाहावा तसं! नवरदेवाची आई फणफणली, पण मावशीला त्याचं काय?

ती माळ्याच्या घरची. भाजीचा मळा सुनेवर सोपवून अमरावतीभर पट्ट्या बांधत हिंडायची. चीरफाड करणाऱ्या जर्राहांनी गळू कापलं की पुढचं सगळं हिच्याकडे. कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुवायची, तूप-मध लावायचा आणि वर जुन्या, मऊ कापडाची पट्टी. रडणाऱ्याला ती असं काही चिडवी की तो हसू लागे, आणि तेवढ्यात चिकटलेली पट्टी निघालेली असे.

त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला असा भाव आला की विचारू नका. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूससुद्धा विकला. आमच्या घरात तर जुनं म्हणून काही ठेवायचंच नाही असं ठरलं. होती नव्हती ती जुनेरं, चिंध्यांचा लगदा करून कागद बनवणाऱ्या बाळापूरच्या कागदवाल्यांना देऊन आम्ही मोकळे झालो आणि कोरी धोतरं नेसून बाजारात मिरवू लागलो.

अशात माझ्या पोटरीत बाभळीचा काटा मोडला. पाय भोपळ्यासारखा सुजला. जर्राहांनी चिरून पू काढला, मावशीनं कापड मागितलं, आणि मी ऐटीत नवं कोरं धोतर पुढे केलं. तिनं ते चुरगाळून नाक मुरडलं. खळीचं कापड जखमेला खरवडतं, म्हणाली. पण दुसरं आणायचं कुठून? तिच्याजवळचं जुनं कापड तर केव्हाच पट्ट्यांत संपलं होतं. तेच उकळून तिनं बांधलं, तरी ते ताठच राहिलं आणि जखम चिघळत गेली. अशीच राहिली तर पाय कापावा लागेल, असं जर्राह म्हणाले.

मावशीनं शेजारपाजार पालथा घातला. सगळीकडे कोरंच कापड. मऊ धोतर उरलं होतं एकाच घरी, माझ्या चुलतभावाच्या, संपतदादाच्या. एवढ्या तेजीतही त्या कंजुषानं धोतर बदललं नव्हतं. त्यावरून आम्ही त्याला हसायचो, आणि शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणातून, आमचा अबोला होता तो वेगळाच. मेलो तरी त्याचं धोतर पायाला लावणार नाही, असं मी सांगून टाकलं.

"पाय तुहा जाईन, त्याचं का जाते?" मावशी म्हणाली. "चूप बस."

संपतदादानं धोतर दिलं, पण पट्टी धुऊन परत मिळाली पाहिजे या अटीवर! रोज सकाळी तो वसुलीला येऊन बसे. मावशी मुद्दाम रेंगाळत पट्टी सोडी. आम्ही दोघं आढ्याकडे बघत बसायचो आणि ती मधे बसून एकटीच गालातल्या गालात हसायची. एके दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. तो वाकला, जखम नीट पाहिली.

"मांस लाल दिसून राह्यलं," तो म्हणाला. "वाचला रे पाय तुहा."

मला रडूच कोसळलं. त्या दिवशी तो पट्टी न मागताच उठला.

मी पुन्हा नांगरामागे चालू लागलो. म्हातारपणी मावशी अकोटला लेकीकडे राहायला निघाली, तेव्हा मी आणि संपतदादानं मिळून तिला लुगडं घेतलं. तिनं पदर चुरगाळला आणि खुशीत हसली.

"कच्चं हाय. नेसून नेसून पिकवीन."

पुढे कापसाचा भाव पडला, आमचा थाटही ओसरला. एका दुपारी मावशीची लेक दारात आली. मावशी गेली होती. लेकीनं माझ्या हातात एक गाठोडं ठेवलं. आत तेच लुगडं, पट्ट्या फाडून नीट गुंडाळून ठेवलेलं. मी एक टोक दोन बोटांत धरून चुरगाळलं. लोण्यासारखं मऊ.

"माय म्हणे, हे त्याइच्या घरी नेऊन दे," लेक म्हणाली. "त्याइच्या घरी जुनं काई नसते."