दुखंल, असं सांगणारी

अगं, फोन ठेवू नकोस, जरा ऐक. परवा फोनवर तू काकांना पाच वेळा "काही होत नाही" म्हणालीस. घाबरलेल्या माणसाला असं म्हणतात होय? मीही तेच करायची म्हणा.

आमच्या गावात घरोघरी फिरणारी आशा कार्यकर्ती आहे. दारात आली की आधी पाणी मागते, पदरानं तोंड पुसते, आणि समोरच्याचाच शब्द उचलून सावकाश बोलते. घाई म्हणून नाही.

तुझ्या काकांना मोतीबिंदू झाला. एक डोळा पार गेल्यातच जमा होता, तरी सांगलीला ऑपरेशनला जाताना दोनदा गाडीपासून माघारी फिरले. मी म्हणायची, "आवं, काय व्हत न्हाई." जितकं म्हणावं तितके ते घट्ट बसायचे.

तिसऱ्या वेळी ती आली. काकांनी विचारलं, "दुखंल का गं, पोरी?"

"दुखंल," ती म्हणाली. मला असा राग आला! "सुई टोचताना दुखंल, तात्या. दहा मोजाल तवर. मग डोळा बधिर हुतो."

"दहाच?"

"माझ्या आयनं बारा मोजलं. ती लय भित्री हाय."

काकांनी टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले.

काल पट्टी सुटली. माझ्याकडं निरखून बघत म्हणतात, "तू लय म्हातारी झालीस की!" आता तुला बघायचंय म्हणतात. कोरेगावहून लवकर ये बाई, आणि जरा बरी साडी नेसून ये.