गरम जमिनीचं घर

नागपूरहून निघताना बायकोने बॅगेत इतक्या चकल्या भरल्या, की विमान समुद्रावर एका बाजूला कलून उडत होतं. मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं, तेव्हा कुठे ते सरळ झालं. विमानतळावर पुतणी अदिती घ्यायला आली होती. ती अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावी राहून पीएच.डी. करते, तीही भुताखेतांवर. म्हणजे जुन्या काळच्या एका अमेरिकन लेखकावर, ज्याच्या गोष्टी वाचून माणसं दिवे चालू ठेवून झोपतात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. उगाच कशाला बोलावणं धाडा?

हा गृहस्थ दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि रात्री लोकांची झोप बिघडवायचा. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीत एका एकट्या माणसाच्या घराची जमीन रोज थोडी थोडी गरम होत जाते, जिवंत अंगासारखी. विद्वानांपैकी कुणी त्या उबेला पाप म्हटलं, कुणी नरक, कुणी लेखकाचा ताप. अदितीच्या प्रोफेसरांनी तिला बजावलं होतं, की नवं काही सापडत नसेल तर या सेमिस्टरनंतर विषय बदल. लेखकाची लिहायची खोली बघितली तर काही सुचेल, अशी तिला आशा होती. पण ती खोली बंद असते आणि तिची विनंती दोनदा नाकारली होती.

"तरी जाऊन येऊ," मी म्हटलं. "फार तर पुन्हा नाही म्हणतील."

दुसऱ्या दिवशी अदितीने ड्राइव्ह केलं. डोंगरांवरची झाडं अशी लाल पेटली होती, की मी खिडकीतून हात शेकून घेतले. वाटेत खाल्लेलं सँडविच इतकं उंच, की त्याच्या वरच्या मजल्यासाठी मला खुर्चीवर उभं राहावं लागलं. अदितीने मात्र अर्धंच खाल्लं.

लेखकाचं गाव छोटं, घर त्याहून छोटं. पोर्चवर (दारापुढच्या लाकडी ओट्यावर) घर सांभाळणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. चेहरा असा, की लेखकाची भुतंही त्यांना विचारून आत येत असावीत. मी नमस्कार केला आणि सवयीने बूट काढले.

"काका, प्लीज, हे म्युझियम आहे. शूज घाला," अदिती पुटपुटली.

"म्युझियम नंतर झालं. आधी माणसाचं घर आहे. बूट घालून कसा शिरू?"

तेवढ्यात मोज्यातून अंगठा बाहेर आला. भोक केवढं, तर मांजर आरपार जावं. लाजेने मी मोजेही काढून खिशात कोंबले. काका एकटा अनवाणी बरा दिसत नाही म्हणून अदितीनेही शूज-मोजे काढले.

बाई आमच्या पायांकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, वरच्या, लिहायच्या खोलीच्या जमिनीचं लाकूड जुनं, मऊ. लोकांच्या टाचांनी खड्डे पडले म्हणून ती बंद केली. बूट काढा म्हटलं की पाहुणे भांडायला उठतात. बोलता बोलताच त्यांनी किल्ली काढली.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक खिडकी. अदितीने कोपरा न् कोपरा पाहिला आणि तिचा चेहरा उतरत गेला. नवं काहीच नव्हतं. थंडी अशी, की बोललो असतो तर शब्द गोठून टेबलावर पडला असता. मी टेबलामागे गेलो आणि तिथेच थबकलो.

"आदू, इकडे ये. इथे पाय ठेव."

तिने ठेवला. मग वाकून तळहात टेकवला.

"याच्या खाली काय आहे?" तिने बाईंना विचारलं.

"स्वयंपाकघर. चूल बरोबर इथेच. आत्ता माझा केक भाजतोय. त्याच्या काळी त्याची बहीण रात्री ब्रेड भाजायची, आणि हा इथे वर लिहीत बसायचा."

अदिती जमिनीवर बसली आणि हसता हसता रडू लागली.

"इतकी वर्षं सगळे शूज घालून उभे होते, काका."

मग खाली आम्ही केक खाल्ला आणि बाईंना चकल्या दिल्या. त्यांनी पहिली चकली चावली, तो आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

परतताना बॅग इतकी हलकी, की विमान दोन ढग जास्त वरून गेलं. भीती अंधारात, गारठ्यात उगवते असं मला वाटायचं. ही तर पाय शेकत, ताज्या ब्रेडच्या वासात बसलेल्या माणसाने घडवली होती. खाली बहीण जागी होती, म्हणूनच त्याला वर बसून एवढं भयंकर लिहिण्याची हिंमत झाली असेल.

नागपूरला उतरलो तर अदितीचा मेसेज: विषय बदलायचा नाही, आणि प्रोफेसर स्वतः ते घर बघायला निघालेत.

मी कळवलं, "त्यांना सांग, मोजेही काढा."