नव्या तांदळाची पेज

आश्विनात नवं भात घरात आलं की आमच्या सासरी पौर्णिमेला नव्या तांदळाची खीर व्हायची. आधी देवाला नैवेद्य, मग कर्त्या पुरुषाचा घास. तोवर नव्या दाण्याला कुणी तोंड लावायचं नाही. माझ्या माहेरी, वेळणेश्वरालाही असंच होतं.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामंजी, म्हणजे माझे सासरे, अंथरुणाला खिळले. वैद्यांनी आशा सोडली होती. श्रावणात ते हसत म्हणाले होते, "यंदाचं नवं खातो आणि सुखानं जातो." ते बोलून विसरले असतील, पण सासूबाईंनी ते शब्द मनात धरून ठेवले. भात झोडून झालं, कांडून झालं, पौर्णिमा आली, तरी त्या ढिम्म! "भात ओलं आहे अजून. दिवाळीच्या पाडव्याला बघू."

भात चांगलं खडखडीत वाळलेलं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "अहो, सण कुणी असा पुढे ढकलतं का?"

त्या हळूच म्हणाल्या, "नवं खाल्लं, की मी त्यांना थांबवू कशी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवे तांदूळ मग कोठीत झाकून राहिले, आणि मामंजींना रोज जुन्या तांदळाची पेज. वसुबारशीला सासूबाई आंघोळीला गेल्या असताना पेजेला मी घाईत तांदूळ घेतले, ते नेमके चुकीच्या टोपलीतले. मला पत्ताच नाही. मामंजींनी एक घोट घेतला आणि थांबले. नव्या तांदळाची पेज दाट होते, तिला वास येतो. जन्म शेतीत गेलेल्या माणसाला ते काय सांगायचं?

"नवं का गं हे?"

मी रडायला लागले.

"रडतेस काय, वेडे? छान झालीय. तिला मात्र बोलू नकोस हो," म्हणाले, आणि मी 'नाही बोलणार' म्हटल्यावरच वाटी रिकामी केली.

पाडव्याला माझे यजमान मुंबईहून आगबोटीने आले. पंगत बसली. मामंजींना दोघांनी धरून आणून तक्क्याला टेकवलं. खीर सासूबाईंनीच वाढली, मामंजींच्या वाटीत अगदी पळीच्या टोकावर मावेल एवढी. मामंजींनी घास घेतला आणि म्हणाले, "वा! यंदाचं नवं गोड आहे." पुरुषमाणसं पोटभर जेवली. मागून बायकांच्या पंगतीत मला काही ती खीर गिळवेना.

चौथ्या दिवशी मामंजी गेले.

तेरावा झाला तरी सासूबाई अन्नाला शिवत नव्हत्या. "मीच वाढलं," एवढंच म्हणायच्या. मला बघवेना. शब्द दिला होता, पण जळला मेला तो शब्द! त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मला काय हवं ते बोला, पण नवं मी खाऊ घातलं. तुम्ही नाही."



"कुठला गं दिवस?"

"वसुबारस."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. चुकली असं वाटून पुन्हा मोजली.

"म्हणजे नवं खाऊनसुद्धा आठ दिवस राहिले," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी राहिले गं." आणि मामंजी गेल्यापासून पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या.