शांताताईंचा पहिला प्रश्न

शांताताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे शोभेल की नाही ठाऊक नाही. पण झाले ते असे.

मी तेव्हा शिक्षक होतो आणि आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या सप्ताह समितीचा सचिव. आंजीला भाजीपाला पिकवणाऱ्या आणि गावोगाव प्रवचने करणाऱ्या शांताताईंना आम्ही बोलावले होते. आरंभी वाचायची पाहुण्यांची आणि देणगीदारांची यादी मी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती परत केली.

"हे नावं तुमीच वाचा, गुरुजी. मी लोकाईसंग बोलाले आली."

पोथी न उघडताच त्यांनी विचारले, "बायांनो, आज कोणाच्या घरी काय रांधलं?"

मांडव हसला. "वांगं!" "बेसन!" "चवळीच्या शेंगा!" पेंगणारे म्हातारेही सरसावून बसले. मग ताईंची नजर शेवटच्या बांबूपाशी बसलेल्या रेखाबाईंवर गेली. त्यांच्याभोवती हातभर जागा सोडून बाया बसल्या होत्या.

"अन् तुमच्याकडे, बाई?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. रेखाबाईंच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, तेव्हापासून गावाने त्या घरचे पाणीसुद्धा सोडले होते. रेखाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "आमच्या घरचं कोणी खात नाई, ताई."

"मी खाईन. आज माह्यं जेवण तुमच्याकडे."

समितीचे अध्यक्ष उठले. "जेवण माह्याकडं ठरलं हाये."

"तुमी ठरवलं. मले कोणी इचारलं?"

"मंग उद्यापासून प्रवचन बंद समजा!"

"समजली. मांडव तुमचा हाये, तोंड माह्यं हाये."

नंतर मीही चिडून म्हणालो, "प्रवचनाची सुरुवात अभंगाने करावी, ताई. हा वाद कशाला?"

"गुरुजी, मी आंजीची. आल्या आल्या मले ते बाई एकटी दिसली. तुमाले काऊन नाई दिसली?"

मला दिसत होती. तिची मुलगी माझीच विद्यार्थिनी होती.

उरलेले सहा दिवस ताई रेखाबाईंच्या अंगणात बोलल्या. पहिल्या दिवशी नऊ माणसे होती. तिसऱ्या दिवशी मी गेलो, त्या घरचे पाणी प्यालो आणि सचिवपद सोडले. शेवटच्या दिवशी अंगण भरून लोक गल्लीत उभे होते. अध्यक्ष आले नाहीत. काही घरे आजही तिकडे जात नाहीत. पण रेखाबाईंची मुलगी त्या दिवशी माहेरी आली, आणि आईच्या शेजारी पहिल्या रांगेत बसली.

पुढे मी ताईंच्या मागे हिंडून प्रवचन शिकलो. माझे पहिले प्रवचन मी पाठ करून नेले होते. ताईंनी अर्ध्यातच खूण केली. "कोणाकडं पाहून बोलून राह्यले? आधी माणसं पाहाजा, मंग पोथी उघडजा." हा सल्ला मी रोज मोडतो आणि रोज पस्तावतो.

एका विद्वानांनी भर सभेत त्यांना सुनावले होते, की व्यासपीठावर भाजीच्या गोष्टी सांगू नयेत. ताई शांतपणे म्हणाल्या, "ज्याले भाजी लागत नाई, त्यानं उठावं." कोणी उठले नाही. विद्वानही बसून राहिले.

माझी पत्नी सेवाग्रामच्या दवाखान्यात होती, तेव्हा ताई अठरा दिवस आंजीहून बसने डबा घेऊन येत. मी संकोचलो की म्हणत, "तुमच्यासाठी नाई आणला, तिच्यासाठी आणला." खाटेशी बसून त्यांनी देवाचे नाव एकदाही काढले नाही, तिच्या माहेरच्या गोष्टी मात्र तासन्‌तास ऐकल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी दोन महिने प्रवचन बंद सांगितले. "मी काय गुडघ्यानं बोलतो का?" असे म्हणून ताई पंधराव्या दिवशी खुर्चीवर बसून बोलल्या.

ताई, गावोगावी अजून पुष्कळ बाया हातभर अंतरावर बसल्या आहेत. तेव्हा शंभरी गाठाच. गुडघे सांभाळा, डॉक्टरांचे थोडे ऐका. अध्यक्षांचे मात्र मुळीच ऐकू नका.