राणी शिकवायला आलेले बाबा

राळेगावच्या आमच्या शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं आहेत. शेवटी लग्नं लागली तर कॉमेडी, मढी पडली तर ट्रॅजेडी. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी बघते."

मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं त लग्न लागल्यावरच ट्रॅजेडी सुरू होते."

मॅडम आमच्याआधी हसल्या, आणि वर्ग त्यांचा झाला.

आम्ही बहुतेक जण खेड्यांवरून एस.टी.ने येणारे. इंग्रजी म्हटलं की आम्ही मागचा बाक शोधायचो, आणि ही इंग्रजी तर इंग्रजांनाही धड समजत नाही, असं मॅडमच म्हणायच्या. म्हणून त्या आधी आपल्या भाषेत गोष्ट सांगायच्या, मग पुस्तक उघडायच्या. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फुटलेली आम्ही पाहिली होती, त्यामुळे गादीवरून होणारे खून आम्हाला मुळीच परके वाटले नाहीत. एखादा सरदार कट करायला लागला की आम्हीच आधी सांगायचो, आता याचं काही खरं नाही.

एके दिवशी मॅडमनी सांगितलं की त्या काळी तिकडे बायकांना नाटकात काम करायची मुभा नव्हती. राण्या, नायिका, सगळ्या पोरांनी आणि पुरुषांनीच रंगवलेल्या. वर्ग खो खो हसायला लागला. माझ्या गावचा एक पोरगा ओरडला, "म्हणजे नाच्याच की!" आणि त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं खुपसलं.

त्याच्या बघण्याला कारण होतं. माझे बाबा राळेगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाचं काम करायचे, पण दिवाळीनंतरच्या जत्रांमध्ये ते खडी गंमतच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, पार्टीत असायचे. डफ, तुणतुणं, शाहीर, आणि लुगडं नेसून बाईचं काम करणारे बाबा. लोक लांबून त्यांना पाहायला यायचे म्हणे. मी कधी गेले नाही. सातवीत असताना शाळेतल्या पोरांनी "तुहा बाप बाई हाये" म्हणून मला महिनाभर पिडलं. घरी येऊन मी ताट भिरकावलं आणि बाबांना म्हणाले, "तुमी लुगडं नेसणं सोडा, नाही त मले शाळाच नको." आईने मला एक धपाटा घातला. बाबांनी ताट उचलून ठेवलं. त्या वर्षी पार्टीचा माणूस बोलवायला आला तेव्हा त्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीही तेच. मग माणूस यायचा थांबला, आणि मी, मूर्ख पोरगी, सुटले म्हणून खूश झाले.

तर अकरावीच्या त्या वर्षी स्नेहसंमेलनात मॅडमनी एका शोकांतिकेतला प्रवेश बसवायला घेतला. लढाईवरून दूत येतो, राजा पडल्याची बातमी देतो, आणि राणी कोसळते. माझे उच्चार बरे, म्हणून राणी मी. पाठांतर चोख होतं, पण आठ दिवस झाले तरी मी ते प्रतिज्ञेसारखंच म्हणत होते. मॅडम वैतागल्या. "अगं, तुझा नवरा मेलाय! तू हजेरी कसली देतेस?"

शनिवारी त्यांनी विचारलं, "तुमच्या गावांकडे बाईचं काम करणारी जुनी माणसं आहेत ना? कोणी ओळखीचं आहे? त्यांच्याकडून शिकू."

माझ्या गावच्या पोराने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. या वेळी त्याला माझी दया आली होती. ती दया मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबली. मी उभी राहिले. "मॅडम, माझे बाबा करत होते."

 मॅडमनी "इतके दिवस का नाही सांगितलंस" असं विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सोमवारी येतील का गं ते?" आज मी स्वतः पोरांना इंग्रजी शिकवते, आणि कुणाचं काही लपलेलं वर आलं की मला तो साधा प्रश्न आठवतो. त्या प्रश्नासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

घरी मी सांगितलं, मॅडमनी बोलावलं. बाबा घाबरले. "काय केलं माय तू?" खरं कळल्यावर ते बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसले. मग म्हणाले, "वर्गात पोरं राहतीन?"

"हो."

"तुह्या ओळखीचे?"

"सगळेच."

सोमवारी जिनिंगमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आले. मॅडम म्हणाल्या, "या सर, बसा." बाबांनी मागे वळून पाहिलं, कोण सर आले म्हणून. आधी ते उभ्या उभ्याच शिकवायला लागले. राणी चालते तेव्हा तिला घाई नसते, कारण लोक थांबतात. आणि बातमी ऐकल्यावर लगेच बोंब मारायची नाही. "बाई रडाच्या पहिले पदर सावरते. मयतीत पाहा कधी. रडू मागून येते."

मॅडमनी तो प्रवेशच करून दाखवायला सांगितलं. बाबांनी एका पोरीची ओढणी मागून घेतली. मग ते माझ्या बाकाशी आले, वाकले आणि हळूच म्हणाले, "माय, तू बाहेर बसतं का थोडा वेळ? मी लवकर आटपतो."

चार वर्षांपूर्वीचं माझं ताट माझ्याच तोंडावर येऊन आदळावं तसं झालं. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं, आणि बाबांवर इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. मी म्हटलं, "नाही बाबा. मले पाहाचं हाये." आणि उठून पहिल्या बाकावर जाऊन बसले.

दूत झालेल्या पोराने इंग्रजीत बातमी दिली. बाबांना त्यातलं अक्षर कळलं नसावं. ते फक्त त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. हात डोक्याकडे गेला, ओढणी सावरली, एकदा, परत एकदा. मग गुडघ्यांतून खाली बसले आणि दाराकडे बघत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "जेवले होते का वो ते?"

कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला. सगळ्यांत आधी "वन्स मोअर" मी ओरडले, रडत रडतच, आणि मग सगळा वर्ग बाकं बडवायला लागला.

बाबांनी मॅडमकडे पाहिलं नाही, पोरांकडे पाहिलं नाही. ओढणी हातात धरून ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "खरंच करू?"

"करा, बाबा," मी म्हटलं.