उजेडाला जागणारा पाला

अंधारात काम करणाऱ्यांकडे किस्से जरा जास्तच साठतात. तोंडं दिसत नाहीत ना, मग माणसं बोलत सुटतात!

नसरापूरला हायवेपासून थोडी आत आमची छोटीशी लॅब आहे. खिडक्यांना काळे पडदे, आत मिणमिणता लाल दिवा. माणसं तीन: मोहिते सर, भोरची शबाना आणि मी. झाडपाल्यातली काही द्रव्यं अंधारात निपचित पडून असतात. कॅन्सरच्या पेशीत शिरली आणि वर उजेड पडला, की जागी होतात आणि त्या पेशीला मारतात. अशी द्रव्यं आम्ही शोधतो. अजून सगळं काचेच्या बशीतच चालतं. माणसापर्यंतची वाट लांब आहे.

*

शबाना एकदा भोरच्या कॉलेजात काढलेला अर्क घेऊन एसटीनं येत होती. उजेड लागू नये म्हणून बाटली चांदीच्या कागदात गुंडाळून मांडीवर धरलेली.

शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं त्यात? पोळ्या?"

"न्हाई आजी, औषध करतोय आमी. उजेड लागला की जागं हुतं."

आजींनी हळूच आपला पदर बाटलीवर घातला. घाट, शेतं, पाणी सगळं खिडकीतून मागं सरत होतं आणि ह्या पदर धरून बसलेल्या. तेवढ्यात कंडक्टर "तिकीट, तिकीट" करत आला.

आजींनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल रं! आत्ताच डोळा लागलाय त्याचा!"

*

बावची म्हणून एक झुडूप असतं. त्याचा रस अंगाला लागला आणि वर ऊन पडलं, की कातडी भाजते. त्यातलं द्रव्यही उजेडानंच जागं होतं. बावची शोधायला आम्ही सारोळ्याला गेलो. "रस लागला तर सावलीत थांबायचं!" असं सरांनी आम्हाला बजावून सांगितलं.

आणि स्वतः? नीरेच्या काठी एका दगडावर बसले. पाणी चमकत होतं, वारा सुटला होता, सर कुठंतरी हरवूनच गेले. रसानं माखलेला हात उन्हात तसाच!

दोन-तीन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत फोड आणि काळे ओघळ. हायवेवरचा चहावाला कळवळला. "सर, लई भाजलंय की! चहा सांडला व्हय?"

सर हाताकडे बघत म्हणाले, "नाही हो. ऊन सांडलं!"

*

कितीतरी महिने आमच्या पेशी काही मरत नव्हत्या. आम्ही उजेड बदलला, पाला बदलला, एकमेकांवर चिडून झालं. शबाना तर सोडून जायच्या बेतात होती.

मग एका दुपारी तिनं अंधारात ठेवलेली बशी मायक्रोस्कोपखाली घेतली. "मॅडम, हितं सगळी निवांत हायेत."

दुसऱ्या बशीत तोच अर्क होता, फक्त तिला उजेड दिला होता. ती तिनं घेतली आणि भिंगाखाली इकडून तिकडं सरकवत राहिली. मी विचारलं, "काय झालं गं?"

डोळा न काढता ती कुजबुजली, "मॅडम... हितं कुनीच न्हाई!"

*

शेवग्याचा पाला आम्ही मार्गासनीच्या तात्यांकडून आणत असू. मध्यंतरी त्यांच्याच जबड्याला कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं, शेक म्हणजे रेडिएशन चालू झालं. एक दिवस गालाला पट्टी, गळ्याभोवती मफलर अशा अवतारात ते लॅबच्या दारात उभे.

बोलताना त्रास होत होता. "आमच्या पाल्याचं... काय करता... दावा."

सरांनी त्यांना खुर्ची दिली. शेवग्याच्या पानांचा हिरवागार अर्क काचेच्या नळीत ओतला. लाल दिवा बंद केला आणि नळीवर जांभळा उजेड टाकला.

हिरवा रस लालभडक झाला. आतूनच पेटल्यासारखा. तात्यांचा चेहरा, पट्टी, हात, सगळ्यावर ती लाली पसरली.

"आरं तिच्या!" तात्या पुढं वाकले. "पाल्यातबी रगत असतंय व्हय!"

नळीभोवती त्यांनी हात फिरवून पाहिला. मग विचारलं, "ह्याचं औषध... कवा हुईल?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. सर मात्र त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "तात्या, ठाऊक नाही. होईलच असंही सांगता येत नाही. तुम्ही तिकडचा शेक चुकवू नका." आणि त्यांनी जांभळा दिवा बंद केला.

काळोखात तात्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

"बरं," ते म्हणाले. "मग लावा की दिवा पुन्यांदा. तवर बगत बसू!"