टायगऱ्याचे पुढचे पाय

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. निवृत्तीच्या दिवशी सगळे म्हणाले, साहेब, एखादा अनुभव सांगा. मी अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. लोक हसले, टाळ्या झाल्या. तेव्हाही ही गोष्ट ओठावर आली होती. मी चहाचा कप उचलला.

त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. दवाखान्याच्या ओट्यावर सुमनबाई बसल्या होत्या. मांडीवर जर्मन शेफर्ड जातीचं पिल्लू होतं, साडेतीन महिन्यांचं. ते मांडीत मावत नव्हतं. मी म्हणालो, खाली ठेवा. त्यांनी ठेवलं. पिल्लू उभं राहिलं आणि मी बघतच राहिलो. पुढचे दोन्ही पाय मनगटापासून बाहेर वळले होते. एक पंजा बुलढाण्याकडे, दुसरा मलकापूरकडे.

"असं कधीपासून?"

"आठ-पंधरा दिवसांपासून हाये साहेब. पह्यले वाटलं, चाल्याची ढबच असन."

मी गोंधळलो. कारण पाच आठवड्यांपूर्वी हेच पिल्लू मी तपासलं होतं. पाय सरळ होते.

मी पशुधन विकास अधिकारी होतो. म्हणजे सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट म्हणजे गायी, म्हशी, बैल, शेळ्या. कुत्रं आमच्याकडे आलं तर बहुतेक कुणाला तरी चावून आलेलं असायचं. हौसेनं पाळलेलं, विकत आणलेलं पिल्लू हा प्रकार त्या वेळी आमच्या तालुक्यात नवा होता.

सुमनबाईंचं पिल्लू हौसेचं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा भाजीचा मळा. मिरची, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा वारल्यावर त्या मळ्यातच राहत. रानडुकरं यायची आणि एका फेरीत वाफे उलथून टाकायची. मुलगा पुण्याला नोकरीला. आईनं मळा सोडून पुण्याला यावं म्हणून तो मागे लागलेला, आणि त्या तयार नाहीत. शेवटी त्यानं हे पिल्लू आणून दिलं. त्याच्या मनात होतं की वर्षभरात कुत्रं राखणीला उभं राहिलं तर आई इथे राहील, नाहीतर मळा बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर कसायला, देऊन तिला घेऊन जायचं. पिल्लाच्या पायांवर एवढं सगळं उभं होतं. हे मला पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं होतं.

त्या पहिल्या भेटीत त्यांनी पिल्लाबरोबर खाद्याची पिशवीही आणली होती. मुलगा पुण्याहून पाठवायचा. पिशवीवर मोठ्या कुत्र्याचं चित्र आणि इंग्रजीत बरंच काही. त्यांनी विचारलं, "साहेब, हे देऊ का भाकर-दूध देऊ?"

मी म्हणालो, "हे द्या, दूधही द्या, अंडं द्या. भरपूर खाऊ द्या. वाढीचं वय आहे. आणि हे कॅल्शियम. दहा मिली, दोन्ही टाइम."

त्यांनी बाटली हातात घेतली. उलटीसुलटी केली. बाटलीवर म्हशीचं चित्र होतं.

"पोरगा म्हणे का या पिशवीत सगळं हाये. कॅल्शिम बी हाये. मंग हे वेगळं काऊन?"

मी हसलो. "बाई, पिशवीवाले लिहीतच असतात. त्यांना माल विकायचा असतो."

"हाव, ते बी हाये," असं म्हणून त्यांनी बाटली पदराखाली घेतली. पहिल्या दिवशीच त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. उत्तर मी चुकवलं.

मी असं का केलं, ते थोडं समजावून सांगतो. म्हैस व्याली की दुधावाटे तिच्या अंगातलं कॅल्शियम झपाट्यानं जातं. मग ती खाली बसते आणि उठत नाही. मान पोटाकडे वळवून पडून राहते. घरातली माणसं रडकुंडीला येतात. शिरेतून कॅल्शियम सोडलं की तीच म्हैस तासाभरात उठून चारा मागते. ही करामत ज्यानं शेकडो वेळा केली, त्याला कॅल्शियम म्हणजे सगळ्यावरचं औषध वाटू लागतं. दूध कमी आहे, कॅल्शियम द्या. वासरू अशक्त आहे, कॅल्शियम द्या. कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नव्हतं. पिल्लू म्हणजे माझ्या लेखी लहानसं वासरू.

म्हणून वाकडे पाय पाहिल्यावर माझं निदान तयार होतं. मुडदूस. म्हणजे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात आणि वजनानं वाकतात. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. औषध चालू असताना कमी कसं पडेल? मी तो विचार बाजूला सारला आणि म्हणालो, "डोस डबल करा."

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. पिल्लू आता उचलून आणण्यासारखं राहिलं नव्हतं, हातगाडीवर बसवून आणलं होतं. उतरवलं तर चार पावलं टाकून बसलं. मनगटाच्या गाठी सुजलेल्या. अंग मात्र गुबगुबीत, चकाकतं. मला काही कळेना. मुडदूस झालेलं जनावर असं दिसत नाही.

आणि डॉक्टरला कळेनासं झालं की तो काय करतो? पेशंटच्या माणसाकडे बघतो.

"बाई, औषध देता का खरंच?"

"देऊन राह्यली नं साहेब. दोन्ही टाइम. तुमी म्हनलं तेवढंच. थो तोंड फिरवते, तरी मांडीत धरून पाजतो."

"मग फरक का पडत नाही?"

त्यांनी कापडी पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "ह्या पाहा. म्या एक बी फेकली नाही. तुमी इचारसान म्हनून ठिवल्या."

बाजाराचा दिवस. ओटा भरलेला. कोणी शेळी घेऊन, कोणी बैल खोड्यात बांधून. सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "म्हशीले पाजली तरी बाटली रिकामीच होते, बाई."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "दूध वाढलं असन मंग, सुमनबाई. आमाले बी पाठवा वाटीभर."

सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकेक बाटली परत पिशवीत भरली. घाई केली नाही. मग पिल्लाजवळ जाऊन बसल्या.

मी एवढ्यावर थांबलो नाही. त्यांच्या मुलाचा नंबर केसपेपरवर होता. मी त्याला फोन लावला. म्हणालो, तुमच्या आईकडून औषध नीट दिलं जात नसावं, लक्ष घाला. तो म्हणाला, "सर, मला वाटलंच होतं. तिला एक पिल्लू सांभाळता येत नाही, मळा काय सांभाळणार."

हे त्याचं वाक्य. त्याला ते बोलायला कारण मी दिलं.

आमच्या दवाखान्यात शेखभाई नावाचे ड्रेसर होते. पट्ट्या करणं, जनावर धरणं, सगळं तेच करत. दोन दिवसांनी ते म्हणाले, "साहेब, बाई झूठ नाही बोलत. मी कालच मळ्यात जाऊन आलो. माह्यासमोर पाजलं तिनं. पिल्लू हात चाटे तिचा."

"मग पाय का वाकतात, शेखभाई?"

"ते मले काय माहीत? डॉक्टर तुम्ही." मग तेच म्हणाले, "फोटो काढून पाहू ना एक बार."

आमच्याकडे एक्स-रे मशीन नव्हतं. बुलढाण्यात शेखभाईंच्या ओळखीचं एक माणसांचं एक्स-रे सेंटर होतं. दुपारी पेशंट नसतात, त्या वेळी मागच्या दारानं या म्हणाले. सुमनबाईंना बरोबर घेऊन आम्ही पिल्लाला चादरीत गुंडाळून नेलं. तिथला ऑपरेटर गंभीरपणे विचारतो, "पेशंटचं नाव काय लिहू?"

सुमनबाई म्हणाल्या, "टायगऱ्या."

"आडनाव?"

"माहंच लिहा."

फिल्म हातात आली आणि माझा गोंधळ आणखी वाढला. मुडदुसात हाडांच्या भिंती पातळ दिसतात, धूसर. इथे हाडं पांढरीशुभ्र, भिंती जाड. कॅल्शियम कमी पडलेलं कुठे दिसत नव्हतं. फक्त मनगटाच्या वर, जिथून हाड वाढतं तिथे, काहीतरी विचित्र होतं. मधोमध हाड न झालेला काळसर पट्टा.

माझ्या हाताखाली पूर्वी एक तरुण डॉक्टर होती. ती आता नागपूरला फक्त कुत्र्या-मांजरांचं काम करत होती. दवाखान्यात परतल्यावर मी फिल्मचा फोटो तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"सर, खायला काय देतात?"

मी पिशवीचं नाव सांगितलं.

"छान. मग वरून काही?"

"दूध, अंडी. आणि कॅल्शियम."

"किती?"

मी डोस सांगितला. मग ती हळूच म्हणाली, "सर, कुणी सांगितलं त्यांना?"

मी म्हणालो, "गावातच कुणीतरी."

तिनं मला नीट समजावून सांगितलं, जसं मी कधीकाळी तिला सांगायचो. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम बरंचसं बाहेर टाकू शकतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं पुष्कळसं अंगात मुरतं. मोठ्या जातीच्या पिल्लात याचा फटका जास्त, कारण त्याची हाडं फार वेगानं वाढत असतात. जास्त कॅल्शियम गेलं की कूर्चेचं हाड होण्याचं काम अडतं. हाताला दोन हाडं असतात तशीच पिल्लाच्या पुढच्या पायाला. एक अडलं आणि दुसरं वाढत राहिलं की पाय धनुष्यासारखा वाकतो. त्यात पिल्लाला खाऊ घालून जाड केलं की वजनाचा भार वेगळाच.

"त्या पिशवीवर लार्ज ब्रीड पपी लिहिलंय ना, सर? मोठ्या जातीच्या पिल्लासाठीच आहे ते. त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. तेवढंच द्यायचं, वजनाप्रमाणे मोजून, दिवसातून तीन-चार वेळा. बरगड्या दिसायला नकोत, पण हाताला लागायला हव्यात. दूध-अंडी कमी करा. कॅल्शियम आजपासून बंद."

मी विचारलं, "पाय सरळ होतील?"

"थोडे होतील. पूर्ण नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. सुमनबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं. टायगऱ्या बाजेखाली पडला होता. मी म्हणालो, "बाई, औषध आता बंद करायचं. दूध-अंडीही कमी. फक्त पिशवीतलं, मोजून."

"काऊन साहेब?"

इथे ते वाक्य यायला हवं होतं. माझ्या मनात काय काय आलं ते आता खरं लिहितो. मुलगा शिकलेला, तक्रार करील. गावभर होईल. डॉक्टरनंच पाय वाकडे केले म्हटल्यावर उद्या कोण म्हैस आणील? मी म्हणालो, "आता देऊन उपयोग नाही. वेळ गेली."

त्यांनी मान खाली घातली. "म्हंजे माह्याकूनच कमी पडलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघालो.

शेखभाईंना सगळं माहीत होतं. फोन त्यांच्यासमोरच झाला होता. ते वर्षभर मला सांगत राहिले. "साहेब, एक बार बोल दो ना बाईले. दोन मिन्टाचं काम हाये." मग त्यांची बदली झाली आणि सांगणारं कोणी उरलं नाही.

टायगऱ्याचा उजवा पाय बराचसा सुधारला. डावा वाकडाच राहिला. तरी तो राखणीला उभा राहिला. तीन पायांवर पळायचा आणि भुंकणं असं की डुकरं वाफ्यापर्यंत येईनात. मळा सुमनबाईंकडेच राहिला. मुलगा मात्र बरेच दिवस घरी आला नाही. आला तेव्हा कुत्र्याकडे बघून आईला बोलला, असं शेखभाईंच्या कानावर आलं होतं.

या धंद्यातून मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. पिल्लू म्हणजे वासरू नव्हे. पिशवीवर लिहिलेलं वाचावं, निदान वाचणाऱ्याला हसू नये. पूर्ण खाद्य देत असाल तर वरून बाटली देऊ नका, डॉक्टर म्हणाला तरी एकदा विचारा, का. आणि डॉक्टरनं, औषध लागू पडेना तेव्हा आधी औषधावर संशय घ्यावा. माणसाची पाळी नंतर.

मी अजून मोताळ्यातच राहतो. दर बाजाराला सुमनबाईंकडूनच भाजी घेतो. त्या न मागता सांबाराची एक जुडी जास्त टाकतात. दर बाजाराला मी घरून वाक्य तयार करून नेतो.

गेल्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "टायगऱ्या गेला, साहेब. लय वर्सं राह्यला. माह्या हातानं त्याचा पाय गेला, पन थो कधी माह्यावर गुरकला नाही."

त्यांचे हात मेथी निवडत होते. मी समोर उभा होतो. तोंड उघडलंही होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाबाजी, सरका थोडे, आमाले बी घेऊ द्या."

"बाई, तुमचा हात बरोबर होता, माझा चुकला." एवढंच म्हणायचं होतं.

मी पिशवी पुढे केली.